चारातला एक

"मॅडम, चारात एक म्हणालात ना तुम्ही? तो एक झालो. आता तिघांक भीती नाय."

आचऱ्याचा प्रसाद, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, माझ्यासमोर बसून हे सांगत होता. शेजारच्या वॉर्डात त्याच्या चार वर्षांच्या मुलाला रक्त चढत होतं. थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी पिशवी. बायको सायली पुन्हा गरोदर, दहावा आठवडा. पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईत होते आणि तिची मुदत थोडी असते. प्रसादच्या मते गरजच नव्हती.

मी त्या रुग्णालयात कौन्सेलर होते. हाच हिशेब मी किती जणांकडून ऐकला, आता आठवत नाही. त्या दिवशी पाचवा पेशंट होता आणि माझा घसा बसला होता. कागदावर आकृती काढायचा कंटाळा आला. पर्समधून दोन नाणी काढली.

"हे तुमचं, हे सायलीचं. तुम्ही दोघं वाहक. म्हणजे एक जनुक चांगलं, एक खराब. छापा खराब. दोन्ही छापे पडले तर बाळाला आजार. उडवा."

छापा-काटा. काटा-काटा. प्रसाद हसला. पाचव्या खेपेला दोन्ही छापे पडले.

"झालो तो एक," तो म्हणाला.

"परत उडवा."

पुन्हा दोन्ही छापे. त्याने नाणी उलटीपालटी करून पाहिली.

शेजारी बसलेली सायली हळूच म्हणाली, "नाण्याक खंय आठवण ऱ्हवता, मागल्या खेपेक काय पडला तां?"

इतक्या वर्षांत मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

"तपासणी करूया," ती नवऱ्याला म्हणाली. तो नाराजीने उठला, पण मुंबईची तिकिटं त्यानेच काढली.

रिपोर्टची वाट बघताना सायलीने मला रोज फोन केला.

बाळ फक्त वाहक निघालं. आजार नव्हता. मुलगी झाली.

पुढे मुलाच्या रक्ताच्या दिवशी प्रसाद पेढे घेऊन आला. "बघा मॅडम, मी काय बोललेलंय? आता दोन बाकी!"

माझ्यात पुन्हा नाणी काढायची ताकद नव्हती. सायलीने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "मोजूक देत त्यांका. माझा नसबंदीचा ऑपरेशन बाळंतपणातच झाला. फॉर्मवर सही त्यांचीच आसा."

दोघांपैकी एकाला कळलं. आमच्या कामात हे प्रमाण चांगलं धरतात.