मामानं हुंगलेला लॅपटॉप

माझा मामा कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी हुंगायचा. आंबा, तूप, तांदूळ तर सगळेच हुंगतात. मामा पंखा हुंगायचा, मिक्सर हुंगायचा. इस्त्री तर दुकानदाराला पिन लावायला सांगून, चांगली तापवून, मग हुंगायचा. वस्तू नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं "जळका वास येऊन राह्यला" असं म्हणून ती परत ठेवून द्यायची. तो वास बाकी कुणालाच येत नसे, दुकानदाराला तर नाहीच नाही. आम्हा पोरांना त्याच्याबरोबर बाजारात जायची लाज वाटायची. आई त्याला दादा म्हणायची आणि आम्ही त्याच्यामागे धास्तीमामा म्हणायचो. हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला त्याचा रागही येत नसे.

तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होता. ॲसिडच्या बाटल्या, स्पिरिटचे दिवे, गॅसच्या शेगड्या आणि त्यांच्याभोवती धुडगूस घालणारी आठवी-नववीची पोरं, यांच्यात त्याचा जन्म गेला. ते नाक तिथंच तयार झालं असावं. शाळा सुटली की सगळे नळ, सगळी बटणं तपासून तो निघायचा आणि अर्ध्या रस्त्यातून सायकल वळवून पुन्हा तपासायला जायचा. त्याच्या प्रयोगशाळेत एकाही पोराचा हात भाजला नाही, हे तो निवृत्त झाल्यावरसुद्धा कापऱ्या आवाजात सांगायचा. जणू अजून कोणीतरी भाजायचं बाकी आहे.

"आधी भेऊन घ्यावं, मंग कामाले लागावं," हे त्याचं म्हणणं. परीक्षा असो, प्रवास असो, लग्न असो, त्याच्या भिण्याचा कार्यक्रम आधी उरकायचा. एसटीत तो संकटकाळी बाहेर पडायच्या दारापाशीच बसायचा. वीज कडाडली की टीव्हीची वायर काढून आम्हा सगळ्यांना लाकडी दिवाणावर पाय वर घेऊन बसवायचा. रबरी चप्पल पायात असल्याशिवाय त्यानं आयुष्यात विजेच्या बटणाला बोट लावलं नाही. आमच्याकडे दाराशी त्याच्या नावाची एक निळी स्लीपर कायम ठेवलेली असे. पाहुणे विचारायचे, ही कुणाची म्हणून, आणि आई हसून सांगायची, "दादाची हाय. लाइट लावाची."

माझे वडील गेले तेव्हापासून तो रोज संध्याकाळी वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगावहून शेजारच्या पिपरीला आमच्याकडे यायचा. स्वयंपाकघरात जायचं, सिलिंडरपाशी वाकायचं, हुंगायचं, मागच्या दाराची कडी हलवून पाहायची, चहा प्यायचा आणि निघायचं. "काय दादा, आज गॅस कसा हाय?" असं आई विचारायची, मी फिदीफिदी हसायचे. आम्ही दोघी मायलेकी फार धीट आहोत असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

त्या धीटपणाची पहिली परीक्षा लॅपटॉपनं घेतली. मी एका इंजिनिअरच्या हाताखाली घरांचे नकाशे काढायचे. नागपूरच्या एका फर्मनं मला घरी बसून काम द्यायची तयारी दाखवली. नकाशे काढायचे, आणि घर बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याची चित्रं संगणकावर तयार करायची. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा आणि तो त्यांचं सॉफ्टवेअर पेलणारा हवा. आधी नमुन्याचं एक घर करून दाखवायचं, ते पटलं तर काम कायमचं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक फाइल उघडेपर्यंत चहा होऊन जायचा, आणि चहा होईतो पडदा काळा. हे काम गेलं असतं तर पुण्याची वाट धरावी लागणार होती. "जा नं, मी राह्यतो एकटी," असं आई म्हणायची, पण म्हणताना माझ्याकडे बघायची नाही. मला वर्धा सोडायची नव्हती, आणि तिला एकटं तर मुळीच सोडायचं नव्हतं. तिनं वडिलांच्या मागची एफडी मोडून पैसे हातात दिले. पुन्हा मोडायला दुसरी एफडी नव्हती. लॅपटॉप निवडण्यात चूक झाली तर सगळंच चुकणार होतं. मी भ्याले होते, पण कुणाला बोलले नाही, आणि आईनं सोबत मामाला पाठवलं.

पहिल्या दुकानात दुकानदारानं एक पातळ, चंदेरी लॅपटॉप दाखवला. स्वस्त आणि देखणा, पण माझं सॉफ्टवेअर त्याच्यावर रांगत चाललं असतं. दुसरा बजेटच्या बाहेरचा, धिप्पाड, कीबोर्डच्या कळांखाली लाल दिवे लागणारा. तो सुरू केल्यावर त्याच्या कुशीतून गरम वारा यायला लागला. मामानं तिथं तळहात धरला, नाक नेलं आणि दचकून मागे सरला. "चूल हाय हे. मांडीवर चूल घेऊन बसशीन का?" तिसरा मात्र त्याला फार आवडला. त्यात साठवायला भरपूर जागा होती, पण डिस्क जुन्या पद्धतीची आणि चाल गोगलगायीची. "याच्यात जागा लय हाय," मामा म्हणाला. "जागा असली म्हंजे काई हरपत नाई."

"मामा, जागा मागून वाढवता येते," मी दात आवळून म्हटलं. "प्रोसेसर मागून वाढवता येत नाही."

त्यानं माझ्याकडे दुर्लक्ष करून दुकानातल्या पोराला विचारलं, "भाऊ, हा बंद पडला तं अंदरच्या सामानाचं काय होते?"

"काका, टेन्शन नका घेऊ. कंपनीचा माल हाय."

"टेन्शन मी घेतो. तू फक्त सांग."

पोरगा जरा वरमला. "काई वेळा निघते अंदरचं सामान. काई वेळा नाई बी निघत."

मामाचा चेहरा पांढरा पडला. घरात कुणी आजारी असल्याची बातमी ऐकावी तसा तो स्टुलावर बसला, आणि पाणी मागितलं. लोक बघत होते. मी ओढणी सारखी करत दुसरीकडे पाहत राहिले.

मेन रोडवरची सगळी दुकानं पालथी घालून आम्ही शेवटी पहिल्याच दुकानात परत आलो आणि मधला मार्ग काढला. प्रोसेसर चांगला, रॅम पुरेशी, ग्राफिक्स कार्ड लहान पण कामापुरतं, आणि एसएसडी छोटी, मात्र पुढेमागे दुसरी डिस्क बसवायला आत जागा असलेली. रंगानं काळा, अंगानं जाड, रूपानं यथातथाच. बजेट काठोकाठ संपलं आणि बॅग तेवढी फुकट मिळाली. मामानं तो बराच वेळ हुंगला. मी श्वास रोखून उभी होते, हे आता सांगायला हरकत नाही. "नवा वास हाय," तो म्हणाला. ही त्याची परवानगी. रस्त्यात दोन गोष्टी बजावल्या. "काम दोन ठिकाणी ठेवजो. अन् याले तापू देऊ नको."

पहिली गोष्ट मी ऐकली नाही, कारण दुसऱ्या डिस्कला पैसेच उरले नव्हते. दुसरी अगदी मनावर घेतली आणि तिथंच घात झाला.

मे महिना होता, आणि वर्ध्याचा मे काय असतो ते वर्धेकरांना सांगायला नको. नमुन्याचं घर जवळपास झालं होतं. शेवटचं चित्र तयार व्हायला लॅपटॉप तासन्‌तास एकटा राबत बसतो, त्याचा पंखा किंचाळत असतो. एकदा तो तापून आपोआप बंद पडला. मग मी शहाणपणा केला. टेबल ओढून खिडकीतल्या कूलरच्या थेट समोर लावलं. गवताच्या ओल्या ताट्यांमधून गार वारा सुटला, लॅपटॉपचा आवाज खाली आला, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. वाऱ्याबरोबर बारीक तुषार उडताहेत हे मला दिसलं नाही. कूलरच्या बुडाशी गळती लागून पाणी फरशीवरून टेबलाखाली पसरत होतं, हेही दिसलं नाही. टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड होता, जमिनीवरच.

मामा त्या दिवशी दुपारीच आला. बाहेर उन्हाच्या झळा होत्या, तरी गॅसची आठवण त्याला घरी बसू देत नव्हती. तो दारात चपला काढत होता तेवढ्यात टेबलाखाली चर्र झालं आणि पडदा विझला. मी खाली पाहिलं. पाणी बोर्डापर्यंत पोचलं होतं, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. नागपूर, नमुन्याचं घर, आईची एफडी, एवढंच डोक्यात होतं. लॅपटॉप उचलायला मी दोन्ही हात पुढे केले.

"हात लावू नको!"

मामाचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी वळून बघायच्या आत त्यानं माझी वेणी धरून मला मागे खेचलं होतं. मी दिवाणावर जाऊन आदळले. मेन स्विच खिडकीजवळच्या भिंतीवर होता, टेबलाच्या पलीकडे. निळी स्लीपर दाराशी होती. मामानं तिकडे पाहिलंही नाही. अनवाणी पायांनी तो त्या पाण्यातून गेला आणि त्यानं मेन स्विच पाडला. कूलर, पंखा, फ्रिज, सगळं एकदम थांबलं. घर इतकं शांत झालं की त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

दर उन्हाळ्यात पेपरात कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी येते. आपण ती वाचतो, चुकचुकतो आणि पान उलटतो. ती बातमी आमच्या घरातून निघता निघता राहिली होती. मला मात्र ते कळायला वेळ लागला. मी दिवाणावरून म्हणाले, "मामा, माझी फाइल गेली."

"जाऊ दे," तो म्हणाला. "जाऊ दे ते. तू हायेस नं."

मग त्याची नजर आपल्या ओल्या पायांकडे गेली आणि तो थरथर कापायला लागला. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिनं त्याला धरून खुर्चीवर बसवलं. तिच्या हातातलं पाणीसुद्धा त्याला नीट पिता येईना. त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मीही कापायला लागले. आम्ही दोघं समोरासमोर कापत बसलो होतो आणि आई एकदा त्याच्या, एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

लॅपटॉप वाचला. मामानं तो उलटा करून, कोरडा करून ठेवला आणि कुणालाही सुरू करू दिला नाही. दुकानातल्या पोरानं उघडून साफ केला तेव्हा काही कळा कायमच्या गेल्या होत्या, पण आतलं काम निघालं. फर्मला मी घडलं ते सांगितलं. चार शब्द ऐकून घेतले, मुदत वाढवून मिळाली. वेगळा कीबोर्ड जोडून मी घर पूर्ण केलं आणि मला काम मिळालं. मी वर्ध्यातच राहिले.

मामा त्यानंतर दिवसातून दोनदा यायला लागला. बोर्ड त्यानं भिंतीवर इतका उंच लावून घेतला की आईला पिन लावायला पाटावर चढावं लागायचं. एकदा मी त्याला विचारलं, "मामा, तू तर चप्पल घातल्याशिवाय बटण दाबत नाहीस. त्या दिवशी भीती नाही वाटली?"

तो बशीत चहा ओतत होता. "मी तं रोजच भेतो. आधीच भेऊन झालं होतं. त्या टायमाले भ्याची फुरसत कुठी होती?"

गेल्या हिवाळ्यात तो गेला. बोरगावला, स्वतःच्या पलंगावर, झोपेत. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींची धास्ती घेतली त्यातली एकही त्याच्या वाट्याला आली नाही.

या वर्षी त्या काळ्या लॅपटॉपनं मान टाकली. कामही वाढलं आहे, आणि घरांच्या फाइलींना जागा पुरत नाही. मी त्याच दुकानात एकटीच गेले. पैसे माझे होते, आणि प्रोसेसर, रॅम, एसएसडी यातलं सगळं मला कळत होतं. ओळखीची पोरं-पोरी मलाच विचारून लॅपटॉप घेतात. "काका नाई आले संगं?" दुकानातल्या मुलानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं तीन लॅपटॉप पुढे मांडले. त्यातला कोणता घ्यावा हे मला बघताक्षणी समजलं होतं, तरी माझा हात पुढे होईना. हा बंद पडला तर? आतलं काम निघालं नाही तर? मला काही झालं तर आईचं काय? एकेक विचार येत गेला. उद्या येते म्हणून मी दुकानातून बाहेर पडले.

आई ओसरीत मेथी निवडत बसली होती. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"काऊन वो, घेतला नाई?"

"नाही."

"पैसे कमी पडले?"

"नाही आई. भेव वाटलं."

या शब्दाला आमच्या घरात आजवर सगळे हसत आले होते. ती हसेल म्हणून मी थांबले. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"मले बी वाटते," ती म्हणाली. "दादा गेल्यापासून कायचं बी भेव वाटते. तो होता तवा आपल्यावर भ्याची पाळीच आली नाई."