सातव्या अंकाचं पहिलं पान

फोन सोपानचा होता. वालूरचा सोपान, शेळ्या-मेंढ्या राखणारा, एरवी मिस्ड कॉल देऊन मोकळा होणारा. त्या सकाळी त्याने पूर्ण फोन केला. "काकू गेली भाऊ. पहाटं झोपंतच. दुपारी माती हाय, निघ लगेच." मी परभणीत, एका पत्रकाच्या प्रुफावर वाकलेला. तोच पुढे म्हणाला, "तुझ्याकडं तिचा अंक हाय न्हवं? मत सांगायचं ऱ्हायलं का?"

राहिलं होतं.

सेलूच्या बाजारातलं महानंदाकाकूंचं दुकान ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना सोपानचा हा प्रश्न विचित्र वाटेल. दुकान झेरॉक्सचं, वह्या-पेनांचं. पण मागच्या भिंतीला एक लोखंडी रॅक होता आणि त्यावर एकाच मालिकेचे अंक, 'रक्तपंच'. हिंदी चित्रकथा. काकूंचे यजमान स्टेशनबाहेर पेपर विकायचे. ते गेल्यावर न खपलेला हा गठ्ठा काकूंकडे आला आणि त्यांनी तो वाचायला द्यायला सुरुवात केली. रक्तपंच दिवसा कोर्टात शिपाई असतो. कोर्टातून सुटलेल्या गुन्हेगाराला तो रात्री गाठतो आणि त्याचं काय करतो, ते लाल शाईची जराही काटकसर न करता दाखवलेलं असतं. अंक प्रौढांसाठी, त्यामुळे मतदार ओळखपत्र पाहिल्याशिवाय काकू रॅककडे वळत नसत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, श्रावणात सोमवारी पूजा आटोपेपर्यंत दुकान बंद... आणि हातात तुटलेल्या पंजाचं मुखपृष्ठ. बाजाराला याचा उलगडा कधी झाला नाही. मलाही नाही, आणि मी तर उलगडे करायचंच काम पत्करलेला माणूस.

दुकानाची रीत अशी, की अंक परत देताना काउंटरशेजारच्या पिवळ्या स्टुलावर बसायचं आणि मत सांगायचं. त्याशिवाय पुढचा अंक नाही. 'लय भारी' हे मत धरलं जात नसे. 'टाइमपास हाय' म्हणणाऱ्याला काकू तोच अंक परत देत. झेरॉक्स काढायला आलेल्यांचीही यात करमणूक व्हायची. कापसाच्या जिनिंगवर कामाला जाणारी रुक्मिणीबाई एकदा म्हणाली, "ह्या माणसाला बायको असती तर रातच्याला एवढं हिंडता आलं नसतं." एका म्हाताऱ्या अडत्याचा आक्षेप नकाबावर होता. "इन्साफ करायलाय ना? मग तोंड कशाला झाकायचं? आमी भाव पाडताना तोंड झाकतो का?" यावर रांगेतला कुणीतरी म्हणाला, "झाका की एकदा," आणि काकूंनी हसू दाबत मशीन बंद केली, कारण कागद वाकडे निघायला लागले होते.

मी पहिल्यांदा गेलो तो हा रॅक हटवायला. आमच्या घरात भिंतींना रंग कमी आणि पत्रकं जास्त. वडील प्रत्येक चळवळीत. मी अक्षरं शिकलो ती 'जाहीर निषेध' आणि 'चलो तहसील' यांवरून. विशीत असताना कुणीतरी सांगितलं, की बाजारात एक बाई पोरांना खुनाखुनीची पुस्तकं वाटते. मी तिथल्या तिथे निषेधाच्या पत्रकाचा मजकूर तयार केला आणि छपाईआधीची प्रत काढायला मुद्दाम त्यांच्याच दुकानात गेलो. काकूंनी तो कागद काचेवर ठेवण्याआधी पूर्ण वाचला.

"कोणता अंक वाचलास?"

"एकही नाही. वाचायची गरज नाही."

"मग हे कुणाचं मत हाय?"

त्यांनी प्रत काढून दिली, पैसे घेतले, ओळखपत्र मागितलं आणि सातवा अंक समोर ठेवला. पहिला का नाही, विचारलं तर म्हणाल्या, "नव्या माणसाला सातवाच."

दोन दिवसांनी मी त्या स्टुलावर बसून सांगितलं, की हे हिंसेचं निर्लज्ज उदात्तीकरण आहे. काकू म्हणाल्या, "हा मथळा झाला. मजकूर सांग." मग त्यांनी विचारलं, "तो मुनीम मेला. का मेला?"

सातव्या अंकात रक्तपंच एका गोदामाच्या मुनीमाला कापसाच्या गंजीत कोंडून मारतो. मी ताडकन म्हणालो, "शेतकऱ्यांच्या मापात पाप केलं असणार."

"कुठल्या पानावर?"

मी अंक उलटापालटा केला. कुठल्याच पानावर नव्हतं. या मालिकेत दर वेळी पहिल्या पानावर गुन्हा दाखवलेला असतो, त्यामुळे पुढे कितीही रक्त सांडलं तरी वाचणाऱ्याचं मन निवांत राहतं. दुकानातल्या सातव्या अंकाला मात्र पहिलं पानच नव्हतं. पिनेपाशी नुसती कागदाची चिंधी लोंबत होती. गोष्ट सुरू होते तीच एक माणूस दुसऱ्याला फरफटत नेतोय इथून. आणि तरीही, काकूंनी हसत सांगितलं, आजवर एकही वाचक म्हणाला नाही की मुनीम बेकसूर असेल. बँकेतल्या कॅशियरने त्याला अफरातफर करायला लावलं, रुक्मिणीबाईने बाईवर हात टाकायला लावला, अडत्याने चुगलखोर ठरवलं. ज्याच्या मनात जे सलत होतं, ते त्याने मुनीमाच्या अंगावर घातलं. माझं पत्रक मी छापलं नाही. नंतर मी बाकीचे अंकही वाचले, आणि काकू मला 'या पत्रकवाले' म्हणायला लागल्या.

पण त्यांचं स्वतःचं मत? ते मी अनेकदा विचारलं. "दुकानदारानं मत दिलं की गिऱ्हाईक त्याला आवडंल तेच बोलतंय," एवढंच उत्तर. त्यांना ही मालिका आवडत होती की नाही, हेसुद्धा मला ठामपणे सांगता येणार नाही.

सोपानचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. रक्तपंचचा त्याच्याइतका कडवा भक्त तालुक्यात नसेल. एका दुपारी तो दुकानात आला तो काठी घेऊन आणि मागे चार जण. रात्री त्याच्या शेळ्या चोरीला गेल्या होत्या आणि पेडगावचा एक मजूर आदल्या दिवशी शेळ्यांच्या वाड्याजवळ दिसला होता. तो मजूर आत्ता स्टँडवर आहे, असं कळलं होतं. सोपान मला म्हणाला, "चल भाऊ. तू लिव्हणारा हायेस, आमी करणारे." मी काही म्हणायच्या आत काकूंनी सातवा अंक काउंटरवर टाकला.

"सोपाना, याचं मत सांगून जा."

"काकू, ते कवाच सांगितलंय."

"परत सांग. पहिलं पान कुठाय?"

"फाटलंय की."

"आणि तुझ्या शेळ्यांचं? रातच्याला कुणाला बगितलंस तू? तोंड सांग, सदरा सांग."

सोपान उभाच. मागचे चौघे कुरकुरले. काकूंनी स्टूल पायाने पुढे सरकवलं. तो बसला, का बसला ते त्यालाही सांगता येत नाही. सवय असावी. त्या स्टुलावर बसलं की खरं बोलायचं, एवढं त्याच्या अंगात मुरलं होतं. अंकाच्या त्या चिंधीकडे पाहत तो म्हणाला, "तोंड न्हाई बगितलं." तेवढ्यात स्टँडवरून पेडगावची गाडी सुटली. शेळ्या कुणी नेल्या ते आजतागायत कळलेलं नाही. कदाचित त्या मजुरानेच नेल्या असतील. सोपान अजून म्हणतो, "काकूनं माझा लय राग वाया घालवला." म्हणतो, आणि तिच्या मातीला सगळ्यांच्या आधी पोचतो.

लिंगायत रीतीप्रमाणे काकूंना बसवून माती दिली. अंगभर विभूती, हातात लिंग, मान ताठ. मला क्षणभर वाटलं, आता विचारतील... कारण पंधरवड्यापूर्वीच मी सातवा अंक पुन्हा नेला होता. जमावाने केलेल्या मारहाणींवर लेख लिहायचा होता. काकू म्हणाल्या होत्या, "आणशील तवा नवं मत पाहिजे. जुनं चालणार न्हाई."

दिवसकार्य झाल्यावर भावकीतले लोक शिवराजला, काकूंच्या मुलाला, सांगू लागले की आता तरी ती घाण काढ, आईचं नाव त्याला जोडलेलं बरं दिसत नाही. शिवराजलाही दुसऱ्या मशीनसाठी जागा हवी होती. रॅक राहणार की रद्दीत जाणार, हे तो ठरवणार होता, आणि मला रॅक वाचवायचा होता. माझ्याकडे युक्तिवाद तयार होता. काकूंनी मत कधी बोलून दाखवलं नाही, पण ते पान त्यांनीच फाडलं आणि ते फाडणं हेच त्यांचं मत, असं मी सगळ्यांना पटवणार होतो. परवा अंक घेऊन गेलो आणि शिवराजला ते सगळं आवेशात ऐकवलं.

तो मशीनमध्ये कागद भरत होता. "दादा, ते पान मी फाडलं. लहानपणी. पतंगाला शेपूट केलं. आईनं लय मारलं मला."

माझा युक्तिवाद तिथेच बसला. त्याने मशीनचा ट्रे आत ढकलला. मग म्हणाला, "पण त्या दिवशीपासून नव्या माणसाला ती सातवाच द्यायला लागली. आणि मला म्हणली, पानावर काय होतं ते कुणाला सांगायचं न्हाई."

"म्हणजे तुला आठवतंय?"

"चित्र हाय डोळ्यापुढं."

इतकी वर्षं बाजाराने मुनीमाचे गुन्हे रचले होते. खरा गुन्हा ठाऊक असलेला माणूस हातभर अंतरावर उभा होता. मी काउंटरवर वाकलो. "काय केलं होतं त्यानं? केलं तरी होतं का काही?"

शिवराजने माझ्या हातातला अंक घेतला, चिंधी अंगठ्याने सरळ केली, पण रॅकवर ठेवला नाही. स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"आधी तुमचं मत," तो म्हणाला. "नवं."

मी बसलो.