उत्तमरावांनी थांबवलेला सिनेमा

अमडापूरचे उत्तमराव बरीच वर्षं गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. बांधाचं भांडण असो, नळाचं असो, की कोणाच्या कोंबड्यांनी कोणाचा हरभरा उकरला याचं, दोन्हीकडच्यांना समोर बसवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. पुढे अध्यक्षपद गेलं, सवय गेली नाही. ओट्यावर दोन मांजरं गुरगुरायला लागली तरी ते खुर्ची ओढून मधे बसत.

दिवाळीत पुण्याच्या मुलाने मोठा टीव्ही आणून भिंतीवर लावला. तेव्हा त्यांच्या पत्नी रुखमाबाई म्हणाल्या, दोस्तांना बोलवा, एखादा हसण्याचा सिनेमा पाहा, या भांडणांतून डोकं जरा मोकळं होईल. म्हणून रविवारी दुपारी इंद्रभान आणि जानराव हे लहानपणचे सोबती आले. रुखमाबाईंनी मिरचीची भजी तळायला घेतली.

सिनेमातल्या सासऱ्याने नवा जावई कधी पाहिलेला नव्हता. जावई दारात आला तर त्याला आचारी समजून चुलीपाशी बसवलं आणि मागून आलेल्या आचाऱ्याला जावई समजून आहेराचा शेला देऊन पाटावर. इंद्रभान पोट धरून हसले. जानरावांना ठसका लागला. उत्तमरावांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. जावयापुढे कांद्याची पाटी आली तशी त्यांनी रिमोट उचलून सिनेमा थांबवला.

"हा तंटा वाढून राह्यला," ते म्हणाले. "आत्ताच मिटवा लागते."

दोघांना आधी गंमत वाटली. पण उत्तमरावांनी रीतसर विचारपूस सुरू केली. सासऱ्याच्या बाजूने इंद्रभान बोलले. त्यांचा स्वतःचा जावई लग्नापासून रुसलेला होता, त्यामुळे सासऱ्याचं दुःख त्यांना ठाऊक होतं. जावयाला नाव सांगायला काय झालं होतं, असं त्यांचं म्हणणं. जानराव गावच्या पंगतींचा स्वयंपाक करत. त्यांनी आचाऱ्याची बाजू धरली.

"जलमभर दुसऱ्यायले वाढलं त्यानं. एक दिवस पाटावर बसला तं कोनाचं काय गेलं?"

इंद्रभान म्हणाले, बसला ते ठीक, आहेराचा शेला काऊन घेतला? जानराव म्हणाले, दिला म्हणून घेतला. आवाज चढले. शेवटी इंद्रभानांच्या पोटातलं ओठावर आलं.

"माह्या पोरीच्या लग्नात तुयं वरन पानी होतं बे."

पाहुणे सांगितल्यापेक्षा दुप्पट आणले तर वरण पातळच होणार, असं जानरावांनी सुनावलं. आता एकाचे दोन तंटे झाले, आणि उत्तमरावांच्या चेहऱ्यावर दुपारपासून पहिल्यांदा तेज आलं. ते खुर्ची घेऊन दोघांच्या मधे बसले. भजी गार झाली.

उन्हं कलता कलता निवाडा झाला. वरणाचा दोष पाहुण्यांवर गेला आणि दोघा मित्रांनी गळाभेट घेतली. सिनेमापुरतं असं ठरलं की जावयाने उठून हात धुवावेत, आचाऱ्याने जेवण पुरं करावं पण शेला परत द्यावा, आणि सासऱ्याने दोघांपुढे चूक कबूल करावी. सगळे राजी होते. फक्त त्या तिघांना हे कळवायचं कसं, हा प्रश्न राहिला.

तेवढ्यात रुखमाबाई स्वयंपाकघरातून आल्या, रिमोट हातात घेतला आणि सिनेमा पुढे चालू केला. घरातून नवरी बाहेर आली, नवऱ्याला ओळखून किंचाळली, सासरा कांद्यांवर पडला आणि सगळे हसत हसत जेवायला बसले. रुखमाबाई पदराने डोळे पुसत होत्या. तिघे मित्र मात्र गंभीर होते.

"कोनीच चूक कबूल नाही केली," उत्तमराव म्हणाले. "मनात राह्यलंच ना त्यायच्या."

"मंग जा त्यायच्या गावाले," रुखमाबाई म्हणाल्या आणि गार भज्यांची ताटली घेऊन आत गेल्या.

मग इंद्रभानांनी विचारलं, गाव कोणतं दाखवलं होतं. जानरावांच्या मते घरामागे नारळाची झाडं होती, म्हणजे कोकणातलं असावं. उत्तमरावांनी चष्मा लावला आणि चिखलीहून तिकडे गाडी कधी सुटते ते विचारायला फोन उचलला.