जावयाची जीप

सिंदेवाहीला माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची लाकूड कापायची आरा मशीन होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली आणि जंगलात लाकडं ओढून खिळखिळी झालेली जीप मेव्हणे मला विकायला निघाले होते. आमच्याकडे जावयाच्या मालावर शंका घेणं म्हणजे बहिणीच्या संसारात बिब्बा घालणं. पण मला ती गाडी एटापल्लीच्या रानात न्यायची होती.

एवढी म्हातारी जीप, पण गिअर बदलताना जरा खडखड नाही. तिथंच मला खटकलं. मेव्हणे चहाचं सांगायला आत गेले, तसा मी गाडीखाली शिरलो, गिअरपेटीचं बूच काढलं आणि आत बोट घातलं. तेलात सागाचा भुसा! झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबायला भरलेला. माझं डोकंच फिरलं.

बाहेर निघालो तर बहीण चहा घेऊन उभी. तिनं माझं काळं बोट पाहिलं आणि मागं वळून दाराकडे नजर टाकली.

"भाऊ, त्याईले काही बोलू नको. गाडी घेऊन घे," ती हळूच म्हणाली. "नाई घेतली तर तू गेल्यावर मलेच भोगा लागन."

मी बोट धोतराला पुसलं.

"आगगाडीले अजून वेळ आहे," मी म्हटलं. "तुयं सामान बांध."