वाळूनं पाणी सोडलं

वाळूच्या आधीची दोन पोरं राहिली नव्हती. म्हणून आजीनं तिसऱ्याचं नाव मुद्दाम वाळू ठेवलं. वाळूला कोण कशाला नजर लावील? म्हातारीचा हिशेब बरोबर निघाला. वाळू जगला, पेठच्या डोंगरात भात-नागली करत वाढला, भागीबाईशी लग्न झालं. दर दिवाळीनंतर दोघं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत चढायची. एकोणनव्वद साली वाळू परत चढलाच नाही. नाशिकच्या एका औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या कारखान्यात, त्याला काम लागलं होतं.

काम काय, तर पाणी सोडायचं. कारखान्याच्या मागं सिमेंटचा मोठा हौद होता. रंगाची भांडी, पिंपं, नळ्या धुतल्या की सगळं त्यात यायचं. सुपरवायझर खंडेराव दारात उभा राहून हाळी द्यायचा, "वाळू, पाणी सोड." मग वाळू लोखंडी चाक डावीकडं चार आटे फिरवायचा आणि हौद भिंतीपलीकडच्या ओहळात रिकामा व्हायचा. भातखाचरात बांध फोडून पाणी सोडायचं काम त्याचा बाप करायचा, त्यामुळे वाळूला हे काम मानाचं वाटलं. गावी त्यानं तसंच सांगितलं, "कंपनीत मी पाणी सोडायला हाय." गावाला वाटलं, कंपनीची मोठी शेती असणार.

"गावच्या जमिनीवर पाणी सोडून गडी हितं पाणी सोडायला आला," असं लंकाबाई म्हणायची. ती शेजारीण. ओहळाच्या काठच्या ज्या वस्तीत वाळू-भागीबाईनं बिऱ्हाड मांडलं, तिथं ती सगळ्यांच्या आधीपासून राहत होती. सावरओहळ हे त्याचं नाव तिला माहीत होतं, तिनं त्यात खेकडे धरले होते. पुढं लोक त्याला नाला म्हणायला लागले. नाल्याचं पाणी कधी तांबडं, कधी निळं. आज कंपनीत कुठला रंग चाललाय हे वस्तीतल्या शेंबड्या पोरांनाही कळायचं.

पहिल्या वर्षी वाळूला वासानं ओकाऱ्या व्हायच्या. दुसऱ्या वर्षी नुसतं डोकं दुखायचं. तिसऱ्या वर्षी काहीच होईना, तेव्हा त्याला वाटलं, सवय झाली. एकदा भागीबाई नळावर गेली आणि तव्यावरची सुकट जळून कोळसा झाली. सगळी वस्ती नाकाला पदर लावून बाहेर आली, आणि वाळू चुलीपाशी बसून पायातला काटा काढत होता. तेव्हा कुठं कळलं की त्याचं नाक गेलंय.

"बरं झालं," तो म्हणाला. "ह्या नाल्यावर नाक ठेवून करायचं काय?"

पण नाक एकटं जात नाही. अन्नाची चव गेली. समोर येईल ते तो खायचा आणि कसं झालंय विचारलं तर "बरं हाय" म्हणायचा. आई वारली तेव्हा गावी जाऊन सगळं नीट करून आला, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. भागीबाई म्हणाली, "नाक गेलं म्हणता, पण मला दुसरंच काय गेल्यावानी दिसतंय." त्यावरही तो "बरं" एवढंच म्हणाला.

एकुलती एक लेक आशा. तिला सायखेड्याकडे दिली होती. तिचा नवरा दिनेश द्राक्षबागेत कामाला होता. अठ्ठ्याण्णव साली आशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगी झाली. नाव स्नेहल ठेवलं. सव्वा महिना भरला की बाळंतिणीला पाण्यावर न्यायचं असतं. पाण्यात सात आसरा, पाण्याच्या देवी, राहतात, त्यांची ओटी भरायची, पानाच्या द्रोणात दिवा लावून पाण्यावर सोडायचा, मग बाळंतीण घरातल्या हंड्याला हात लावायला मोकळी. भागीबाईनं नाल्याच्या डोहावर, हिवराच्या झाडाखाली, सात दगड कधीच मांडून ठेवले होते.

"आई, त्या घाणीत कुठल्या आल्या आसरा?" आशा म्हणाली.

"आसरा घाणीत नाय राहत, पाण्यात राहत्या. पाणी घाण केलं त्यात त्यांचा काय दोष?"

वाळूनं हे ऐकलं आणि मनात एक ठरवलं. कितीतरी वर्षांत त्यानं स्वतःहून काही ठरवलं नव्हतं. त्या मंगळवारी त्याची पहिली पाळी होती. खंडेरावाची हाळी येण्याआधीच, सकाळी आठला, त्यानं चाक चार आटे फिरवलं आणि अख्खा हौद रिकामा केला. संध्याकाळपर्यंत घाण वाहून पुढं जाईल आणि लेकीला मागचं बरं पाणी मिळेल, असा त्याचा अंदाज. आदल्या दिवशी कारखान्यात रंग झालाच नव्हता, नुसत्या थिनरनं सगळी भांडी धुतली होती, आणि थिनरला रंग नसतो. उन्हाळ्याच्या तोंडाला नाल्याला ओढही नव्हती. डोहाच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्यांचा बांध पडला होता. डोहात आलेलं डोहातच राहत होतं.

पाळी सुटल्यावर वाळू मुद्दाम डोहावर गेला आणि बघतच राहिला. तळाचे दगड दिसत होते. हिवराची फांदी पाण्यात दिसत होती. नऊ वर्षांत त्यानं त्या डोहाचा तळ पाहिला नव्हता. त्याला आनंद झाला. हे सांगायला हवं, कारण त्यानंतर त्याला आनंद झाल्याचं कुणी पाहिलं नाही. तो भरभर घरी आला आणि म्हणाला, "पाणी नितळ हाय. म्या सोता बघितलं. आजच जा."

दिवेलागणीला मायलेकी गेल्या. पुरुषांचं तिथं काम नसतं म्हणून वाळू पायरीवर चहा घेत बसला. आशा तान्ह्या पोरीला घेऊन वर, झाडापाशी, दगडांना शेंदूर लावत होती. भागीबाई पोटरीभर पाण्यात उतरली, तिनं द्रोणातला दिवा पेटवला आणि वाकली. दिवा पाण्याला टेकायच्या आधीच पाणी पेटलं.

सगळा डोह पेटला. आधी निळा, मग पिवळा. वस्ती धावली. आग विझवायला कुणीतरी सवयीनं नाल्यातलीच बादली भरून मारली, तशी आग काठावर चढली. आगीवर पाणी मारावं हे सगळ्यांना ठाऊक. पाणीच पेटलं तर काय मारावं हे कुणाला ठाऊक असणार? शेवटी लंकाबाईनं गोधडीत गुंडाळून भागीबाईला ओढून काढलं.

दवाखान्यात ती नऊ दिवस होती. भाजलेल्या अंगाच्या वासानं भावकीतले लोक दारातनंच मागं फिरायचे. वाळू मात्र खाटेला लागून बसायचा. त्याला काहीच येत नव्हतं. नर्स म्हणाली, "बाबांचा जीव आहे हो बायकोवर." तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

नवव्या दिवशी भागीबाई गेली. चौकशीला दोन साहेब आले. पाण्याला आग लागत नसते, असं त्यांचं म्हणणं. खंडेराव मध्ये पडला, दिव्यातल्या तेलाचा भडका झाला असं कागदावर आलं. "देवाधर्माचं काम, वाळू. आपण काय बोलणार?" खंडेराव म्हणाला. वाळूनं दाखवली तिथं सही केली.

दिवस गावी घातले. भावकीतले जाणते बहिरूबाबा पुढं होते. विधी सुरू करण्याआधी त्यांनी आशाला चारचौघांत विचारलं, "पोरी, सव्वा महिना पुरा झाला व्हता का?"

आशा खाली बघून म्हणाली, "एक दिवस कमी व्हता, बाबा. मोजायला मी चुकले."

म्हातारे एकमेकांकडे बघून माना हलवायला लागले. म्हणजे पोर विटाळातच पाण्यावर गेली. आसरा कोपल्या. पाणी का पेटलं ते सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांना जरा बरंच वाटलं. वाळू ऐकत होता. हे असं नाही, हे त्याला माहीत होतं, आणि ते सांगणारा त्याच्याशिवाय दुसरा कुणी नव्हता.

गावच्या ओढ्याचं पाणी नितळ होतं. वाळू ते बघून घाबरला. बहिरूबाबांनी त्याच्या ओंजळीत पाणी घातलं, तीळ घातले आणि म्हणाले, "वाळू, पाणी सोड."

त्याची ओंजळ सुटली आणि उजवा हात आपोआप डावीकडं फिरायला लागला. एक आटा, दोन, तीन, चार. मग तो मोठ्यानं म्हणाला, "पाणी म्याच सोडलं व्हतं."

मागून आशा पटकन म्हणाली, "हो बा. सोडलं तू. झालं आता, ऊठ."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं जाग्यावर नाही. धाडस एकदाच गोळा झालं होतं, ते असं वाया गेलं. पुन्हा तोंड उघडणं त्याला जमलं नाही. सोमवारी तो कामावर गेला. दारातून हाळी आली, "वाळू, पाणी सोड." त्यानं सोडलं. पुढची आठ वर्षं सोडत राहिला. नाल्यावर मधल्या काळात स्लॅब पडला, वर भाजीच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या. दोन हजार सहाला कंपनीला टाळं लागलं, तेव्हा आशा येऊन बापाला सायखेड्याला घेऊन गेली.

तिथं गोदावरी आहे. त्याच्या नाल्याचं पाणी शेवटी तिथंच येत असणार, पण वाळूनं त्याचा विचार केला नाही. काठावर पाणवेली माजलेल्या. लोक म्हणायचे, वास मारतो.

एकदा शेजारची बाळंतीण पाण्यावर निघाली. आळीतल्या सगळ्या बायका नटून ओट्या घेऊन गेल्या. आशा अंगणात बसून मठ निवडत राहिली. वाळूनं विचारलं, "तू नाय गेली?"

"मला नाय बोलवत, बा."

"का?"

"मी विटाळात पाण्यावर गेलेली ना." ती एवढ्या साधेपणानं म्हणाली, जणू कुणीतरी तिला आजची तारीख विचारली होती. "माझा हात नको म्हणत्या. लय वर्षं झाली आता."

वाळू तिच्या सुपासमोर येऊन बसला. मग त्यानं एका दमात सगळं सांगितलं. चाक, चार आटे, सकाळचे आठ, थिनर, नितळ तळ. "मला वास येत नाय, आशा. म्या डोळ्यांनी बघितलं आन् जा म्हणलं. आसरांचं त्यात काय नव्हतं. पाणी म्या सोडलं व्हतं."

आशाचे हात थांबले नाहीत. तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"आईला वास आला व्हता," ती म्हणाली. "काठावर थांबली, म्हणली, आज काय निराळंच येतंय. मी म्हणलं, मग नको. तर म्हणली, तुझ्या बानं सोता बघितलंय. किती वर्षांनी कशाला तरी खूस झालाय तो. चल. दवाखान्यात मला बोलली, बाला नाय सांगायचं."

"मंग दिवस घालताना म्या म्हणलं ते..."

"तवाच कळलं व्हतं मला. चार माणसं बसली व्हती, म्हणून म्हणलं, झालं, ऊठ."

वाळूला रडायला हवं होतं. त्यानं वाट पाहिली, पण आलं नाही.

"पण तुझा एक दिवस कमी पडला व्हता ना?" त्यानं विचारलं.

आशानं सूप झटकलं आणि ती उठली.

"पुरे भरले व्हते, बा," ती म्हणाली. "आई रोज भिताडावर रेघ मारायची."