आगटेसरांच्या नावावरचा जिना

आगटेसरांशी पहिली भेट झाली तेव्हा मी गोंधळलेली होते, आणि त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी हा लेख लिहिताना आजही तशीच आहे. यवतमाळहून पुण्यात आलेली मी नवखी वास्तुरचनाकार. त्यांच्या कार्यालयात नोकरीच्या मुलाखतीत सरांनी विचारले, “इथवर कशा आलात?” मी बसचा नंबर सांगितला. “बस सोडा हो. उतरल्यावर रस्ता कुठे ओलांडलात?” मला काही केल्या आठवेना. “उद्यापासून आठवत जा,” सर म्हणाले. नोकरी मिळाली की नाही, हे मला दोन दिवस कळले नव्हते.

पुढे आमच्याकडे उन्नत मेट्रो स्थानकाचे काम आले. ते आधी चौकात होणार होते. पण तिथे रस्ता वळतो, म्हणून थोडे पुढे सरळ पट्ट्यावर गेले. रस्ता अरुंद, त्यामुळे खांब मधोमध, त्यांवर तिकिटांचा मजला आणि वर फलाट. पश्चिमेचे ऊन प्रवाशांच्या तोंडावर येऊ नये म्हणून सरांनी छप्पर त्या बाजूला खाली ओढले. बाकाची उंची ठरवायला त्यांनी शेजारच्या सोसायटीतील निवृत्त मंडळींना विटांच्या थरांवर बसवून पाहिले. “बसलो, पण आता उठवणार कोण?” असे एका आजोबांनी विचारले आणि बाकांना हात आले.

आता जिन्याविषयी. लोक कुठून चालतात ते दिवसभर उभे राहून पाहायचे आणि मगच रेघ ओढायची, ही सरांची पद्धत. त्या कामावर मला पाठवले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी वहीत खुणा केल्या. लोक औषधाच्या दुकानापाशी रस्ता ओलांडत होते, मी जिना तिथेच उतरवला. पाण्याच्या पाइपसाठी पदपथ खणला होता आणि लोक केवळ तो खड्डा चुकवत होते, हे माझ्या डोक्यातच आले नाही. खड्डा पुढे बुजला आणि जिना राहिला. आजही लोक तो उतरतात आणि नेहमीच्या वाटेला लागायला मागे चालत येतात.

स्थानक सुरू झाल्यावर रहिवाशांची बैठक झाली. “जिना आखणाऱ्यांनी स्वतः कधी चालून पाहिलंय का?” एका गृहस्थांनी विचारले. सर उभे राहिले. “आराखड्यावर सही माझी आहे. चूक माझी.” मी त्यांच्या शेजारीच बसले होते. चूक माझी होती हे मी सांगितले नाही, याची लाज मला आजही वाटते. परतताना सर फक्त चहा घेऊ या म्हणाले. त्या खड्ड्याचे त्यांना ठाऊक होते की नव्हते? इतकी वर्षे मला उमगले नाही.

या ग्रंथातले इतरांचे लेख संपादकांनी मला वाचायला दिले. जवळपास प्रत्येकाने ‘सरांच्या भरकटलेल्या जिन्या’ची प्रेमाने थट्टा केली आहे. खरे लिहावे, तर सरांनी झाकलेले मी उघडे करणार. गप्प राहावे, तर माझी चूक त्यांच्याच गौरवग्रंथात त्यांच्या नावावर कायमची छापली जाणार. शेवटी विश्रांतवाडीला सरांच्या घरी गेले. गुडघ्याला पट्टा बांधून सर बसले होते. मी सगळे सांगून टाकले.

“खड्डा होता, माहीत आहे मला,” सर म्हणाले. “नंतर जाऊन पाहिलं, तर बुजवलेला.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“जिन्याच्या पायाचं काम झालं होतं. तुम्हाला रागावून जिना सरकला असता का? आणि एकाच दिवसाचं पाहणं पुरे मानलं ते मीच.”

“सर, हे लेखात लिहू का?”

“अहो, गौरवग्रंथ माझा आहे ना? मग त्यात तुमच्या चुका कशाला?”

ही परवानगी होती की नकार, हे मला अजूनही कळलेले नाही. तरी लिहिते: तो जिना माझा आहे. सहलेखकांनी कृपया आपापली थट्टा माझ्याकडे वळवावी.

त्याच स्थानकाला आता दुसरा जिना मंजूर झाला आहे. या वेळी मी तिथे चार वेगवेगळ्या दिवशी उभी राहिले. सरांचा गुडघा लवकर बरा होवो, त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि तो नवा जिना सर्वांत आधी त्यांनीच उतरावा. मी खाली उभी असेन, आणि ते कुठल्या बाजूला वळतात ते पाहीन.