मोरीतले कप

आमच्या घरी काही दिवस चहाचे कप आंघोळीच्या मोरीत असत आणि बशा स्वयंपाकघरात. ही व्यवस्था मी पूर्ण शुद्धीत असताना केली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भोसरीच्या एका वर्कशॉपात स्टोअरकीपर होतो. चिंचवडला दोन खोल्या आणि गॅलरी, त्यात बायको सुधा, चार वर्षांची चिमी आणि मावळातल्या गावाहून आलेली माझी आई. घराजवळ नवी इंग्रजी शाळा निघाली होती. सुधाला चिमीला तिथंच घालायचं होतं. इंग्रजी जमलं नाही म्हणून तिचं स्वतःचं शिक्षण मॅट्रिकला थांबलं होतं. "माझं राहिलं, हिचं राहू नये," एवढंच ती म्हणाली, पण असं म्हणाली की मी जेवताना दुसरी भाकरी मागितली नाही.

शाळेत मुलाखतीला चित्रं दाखवून छोटे छोटे इंग्रजी शब्द विचारतात असं कळलं. कप, पेन, बॅग असले. शब्द चिमुकले, पण भलतेच फसवे. पिन दाखवली की चिमी पेन म्हणायची, मॅट दाखवली की मॉप. सुधा शिकवून शिकवून रडकुंडीला आली.

"असं होणारच," मी म्हणालो. "सगळा माल एकाच खणात कोंबलाय. मी स्टोअरमध्ये नट आणि वॉशर एकत्र ठेवतो का?"

"मग काय करायचं?" (हे तिनं विचारायला नको होतं.)

इंग्रजीत स्वर पाच. मी घरात पाच जागा ठरवल्या आणि भिंतींवर खडूनं अक्षरं काढली. स्वयंपाकघर 'ए', तिथं मॅट, बॅग, पॅन. बाहेरची खोली 'ई', तिथं पेन, नेट, बेड. खिडकीचा कट्टा 'आय'चा, तिथं पिन, टिन, लिड. गॅलरीत 'ओ', म्हणजे पॉट, बॉक्स, मॉप. आणि मोरीत 'यू', म्हणजे कप, मग, जग, टब. बशीला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, म्हणून ती वाचली.

पातेलं गॅलरीत आणि त्याचं झाकण खिडकीत, त्यामुळे सुधाचा स्वयंपाक चालत चालत व्हायला लागला. साताऱ्याहून मेव्हणे आले. त्यांचा चहा मोरीतून निघालेला त्यांनी पाहिला आणि "आत्ताच घेतला स्टँडवर," म्हणून हात जोडले.

खरी पंचाईत आईची झाली. तिची गादी म्हणजे बेड, ती 'ई'त. कॉट मात्र 'ओ'.

"म्हंजी म्या निजायचं कुठं?" आईनं विचारलं.

"कॉटवर. गॅलरीत."

"आन् गादी?"

"गादी बाहेरच्या खोलीत राहील."

आईनं एक गोधडी काखेत मारली आणि गॅलरीत गेली. थंडीचे दिवस होते. दोनच दिवसांत मला लाज वाटली आणि मी कॉट आत ओढायला लागलो, तर तिनं माझा हात धरला. "आसू दे रं. पोरीचं चुकंल."

आणि पोरीचं खरंच चुकेनासं झालं. शब्द विचारला की चिमी त्या जागी धावायची, वस्तूला हात लावायची आणि नाव, अर्थ, दोन्ही सांगायची. 'डॅड' विचारायचा असला की मी स्वतः स्वयंपाकघरात 'ए'खाली जाऊन उभा राहायचो. ती पळत येऊन माझ्या गुडघ्याला मिठी मारायची. "डॅड! म्हंजे बाबा!" त्या एका शब्दाची उजळणी आम्ही जरा जास्तच केली.

मुलाखतीला सगळं घर गेलं, कारण चिमी आजीला सोडेना. मोठ्या बाईंनी कपाचं चित्र दाखवलं. चिमी उठली, चारी भिंतींकडे पाहिलं आणि कावरीबावरी होऊन म्हणाली, "मोरी कुठंय?"

बाईंनी समजूतदारपणे तिला शिपाईणबाईंबरोबर पाठवलं. ती परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊन. "तिथं कप नाहीये."

"कप तिथं कसा असेल बाळा?"

"आमच्याकडे असतो."

बाईंनी चष्मा काढून आम्हा तिघांकडे पाहिलं. मी घाईघाईनं घरातली पाच स्वरांची रॅक सिस्टीम समजावून सांगितली. त्यानं त्यांची काळजी वाढली. पेन दाखवलं, चिमी गप्प. बॅग दाखवली, ओठ थरथरायला लागले. सुधानं पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं होतं. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात आई खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर बसली आणि चिमीला मांडीवर घेतलं.

"डोळं मीट. मिटलं? आता आपल्या घरला जाऊ. मोरीत ये बघू. काय काय हाय?"

"कप," चिमी डोळे मिटून म्हणाली. "मग. जग. टब."

"आता सैपाकघरात."

"मॅट. बॅग. पॅन. डॅड."

बाई एकेक चित्र पुढे करत राहिल्या, पण चिमीला त्यांची गरज नव्हती. खिडकी झाली, बाहेरची खोली झाली, शेवटी गॅलरी.

"पॉट, बॉक्स, मॉप." ती थांबली. "कॉट. आजीची." मग डोळे उघडून बाईंना म्हणाली, "आजीला तिथं थंडी वाजते."

बाईंनी हातातली चित्रं टेबलावर ठेवली.

"प्रवेश दिला," बाई म्हणाल्या. "पण आधी आजींची कॉट आत घ्या."

घरी येईपर्यंत सुधा रडत होती आणि हसतही होती. संध्याकाळी मी कॉट आत आणली, तिच्यावर गादी घातली, गादीवर आईला बसवलं. झाकणं पातेल्यांना भेटली. कप स्वयंपाकघरात आले. भिंती पुसून मी बाहेरच्या खोलीत जरा टेकलो, तोच चिमी समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, डॅड इथं नसतो. स्वयंपाकघरात असतो."

मी आशेनं आईकडे पाहिलं.

"जा रं बाबा," आई गादीवर आडवी होत म्हणाली. "पोरीचं चुकंल."

तेव्हापासून आमच्याकडच्या कपबशा मी विसळतो.